लाकडाची भट्टी: वाचकांचे प्रश्न

लाकडावर भाजल्या जाणाऱ्या स्टुडिओ पॉटरीबद्दल (कलाकाराने स्वतःच्या स्टुडिओत हाताने घडवलेल्या भांड्यांबद्दल) ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: मी नौपाड्यात फ्लॅटमध्ये राहते. चाकावरचं काम शिकले आहे, क्लासच्या विजेच्या भट्टीत भाजते. आता नोकरी सोडून फक्त लाकडाच्या भट्टीवर काम करायचं मनात आहे. येऊरला छोटी जागा भाड्याने घेऊन भट्टी बांधावी का?

येऊर मनातून काढून टाका. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. तिथे दिवसरात्र धूर आणि जाळ करण्याचा विचारही करू नये. जागा बघायची तर मुरबाड, शहापूर किंवा कर्जतकडे बघा. टेम्पो आतपर्यंत जायला हवा, पाणी हवं, वर विजेच्या तारा नकोत आणि शेजारचं घर लांब हवं. फेब्रुवारीत तिथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, तेव्हा भट्टीभोवतीची जमीन खरवडून मोकळी ठेवावी लागते. ग्रामपंचायत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, दोन्हीकडे लेखी विचारा. तोंडी ‘चालतंय’वर विटा आणू नका.

पण मुळात भट्टी सगळ्यात शेवटी बांधायची गोष्ट आहे. तीस-चाळीस घनफुटांच्या लहान भट्टीतही मगाच्या आणि वाडग्याच्या आकाराची सव्वाशे-दीडशे भांडी बसतात. दोन-अडीच महिन्यांत तेवढी चांगली भांडी हातून होत नसतील तर भट्टी रिकामी पडून राहते. अर्धी भरून पेटवली तर लाकूड जवळपास तेवढंच जातं आणि ज्वाला मोकळ्या जागेतून निघून जाते. म्हणून आधी हाताचा वेग आणि सातत्य आणा. पन्नास वाडगे एकाच मापाचे, एकाच जाडीचे होऊ लागले की पुढचं बोलू.

त्याच काळात दुसऱ्यांच्या भट्ट्यांवर मदतनीस म्हणून जा. लाकडाची भट्टी एकट्याने चालत नाही, त्यामुळे कष्टाळू माणसाला कोणी नाही म्हणत नाही. फक्त लाकूड टाकायला जाऊ नका, भट्टी रचताना आणि उघडताना हजर राहा. कोणतं भांडं कुठे, कोणत्या तोंडाने ठेवलं याची वहीत आकृती काढा आणि उघडल्यावर तिच्यासमोर निकाल लिहा. राख कुठे साचते, ज्वाला कुठून वळते, भांड्याच्या कोणत्या बाजूला सावली पडते, हे अशा पाच-सहा आकृत्या जमल्यावर दिसू लागतं. लाकडाच्या भट्टीत भांड्याचा निम्मा रंग रचतानाच ठरलेला असतो. नशिबावर सोडायची गोष्ट त्यात फार थोडी आहे.

शिकण्याच्या जागा आपल्याकडे आहेत. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये पुदुच्चेरीला सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीत आजचे कितीतरी भारतीय स्टुडिओ पॉटर घडले. हिमाचलात आंद्रेट्टाला पॉटर गुरचरण सिंग यांची परंपरा आहे. मुंबईत सर जे. जे. कला महाविद्यालयात सिरॅमिक विभाग आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीच्या ग्रामोदय संघाचं काम कुंभारांशी जोडलेलं आहे, ते मराठी माणसाने पाहायलाच हवं.

घडाई फ्लॅटमध्ये होऊ शकते. मातीचं पाणी मोरीत सोडू नका. तीन बादल्या ठेवा, पहिलीत हात आणि अवजारं धुवा, वरचं निवळलेलं पाणी दुसरीत, मग तिसरीत, आणि तळाचा गाळ परत वापरा. वाळलेली माती झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कारण तिच्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती कायमची. पावसाळ्यात भांडं कोरडं दिसतं पण नसतं. गालाला लावून पाहा, गार लागलं तर आत पाणी आहे. जून ते सप्टेंबर बिस्क, म्हणजे ग्लेझ (काचेसारखा लेप) लावण्याआधीची पहिली भाजणी, करताना 80 ते 90 अंशांवर काही तास थांबा, नाहीतर वाफेने तळ फुटतात. बिस्क ठाण्यातच विजेच्या भट्टीत 950 अंशांना करून घ्या. कच्च्या भांड्यांना मुरबाडचा रस्ता सोसत नाही.

प्रश्न: तुर्भे, भिवंडी आणि उरणच्या गोदामांतून पॅलेटचं लाकूड स्वस्तात मिळतं. कोळीवाड्यात जुन्या होड्यांचं लाकूडही पडलेलं असतं. हे भट्टीत चालेल का? मुळात किती लाकूड लागतं? (ऐरोली)

पॅलेट चालतं, पण प्रत्येक पॅलेटवरचा शिक्का वाचून घ्या. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि त्याच्या बाजूला इंग्रजी अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते परत करा. रंगवलेलं, तेलकट डाग पडलेलं किंवा रसायनांच्या गोदामातून आलेलं पॅलेटही नको. प्लायवूड, एमडीएफ, सनमायका लावलेले तुकडे, जुने रेल्वे स्लीपर यांचा धूर विषारी असतो. होडीच्या लाकडावर डांबर आणि तांबं असलेले रंग असतात. शिवाय त्यात मुरलेल्या मिठामुळे दाहक वाफ निघते आणि ती विटांनाही खाते. तेही नको.

पॅलेट बहुतेक वेळा पाइनचं असतं. त्याच्या पातळ फळ्या झरकन पेटतात आणि लांब ज्वाला देतात, म्हणून शेवटच्या टप्प्यात त्या फार उपयोगी पडतात. मात्र सुरुवातीचा संथ जाळ आणि निखाऱ्याचा थर यांसाठी सुरूचं, बाभळीचं, सुबाभळीचं असं जड लाकूड हवं. ते वखारीतून पावतीसकट घ्या. कोणाच्या शेतावरचं झाड तोडून आणायचं असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात परवानगीचं विचारा.

लहान बोरी भट्टीच्या (जिच्या फायरबॉक्समध्ये, म्हणजे लाकूड जाळायच्या कप्प्यात, हवा वरून येते) चोवीस-तीस तासांच्या भाजणीसाठी साधारण एक ते दीड टन कोरडं लाकूड धरा आणि त्याच्या दीडपट रचून ठेवा. पहाटे तीनला लाकूड संपलं तर तापमान उतरायला लागतं आणि मग काही करता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाकूड कोरडं हवं. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते पाणी उकळवण्यातच तुमची उष्णता जाते. ओल 20 टक्क्यांच्या खाली हवी. ओल मोजायचं लहान यंत्र मिळतं, पण दोन तुकडे एकमेकांवर आपटूनही कळतं. कोरडं खणखणीत वाजतं, ओलं भद्द. आपल्या हवेत वेळापत्रक सोपं आहे. डिसेंबर-जानेवारीत घ्या, लगेच फोडा, मेपर्यंत उन्हात राहू द्या. पावसाआधी विटांवर सहा इंच उचलून, वर पत्रा घालून, बाजू मोकळ्या ठेवून रचा. ताडपत्रीत गुंडाळाल तर बुरशी आणि वाळवी दोन्ही लागतील. पहिली भाजणी नोव्हेंबरात. फोडताना तीन जाडी वेगळ्या ठेवा: दंडाएवढी, मनगटाएवढी, अंगठ्याएवढी.

प्रश्न: बदलापूरजवळ आम्ही तिघांनी बोरी फायरबॉक्सची भट्टी बांधली. दोन्ही वेळा 1150–1180 अंशांपर्यंत व्यवस्थित चढली आणि मग सात-आठ तास तिथेच अडकली. जितकं जास्त लाकूड टाकलं तितकी खाली आली. शेवटी थकून बंद केली. काय चुकतंय?

उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: जितकं जास्त टाकलं तितकी खाली आली. त्या तापमानाला लाकूड टाकताक्षणी त्यातून वायू सुटतो. तो जळायला हवा कमी पडली की तो धूर होऊन धुरांड्यातून निघून जातो आणि बाहेर जळतो. धुरांड्याच्या तोंडावर दोन-तीन फूट ज्वाला दिसत असेल तर तुमचं लाकूड आकाश तापवतं आहे.

क्रमाने तपासा. पहिले निखारे. बोरी फायरबॉक्समध्ये लाकूड दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवर आडवं राहतं, हवा वरून येते, ज्वाला खाली वळून भांड्यांकडे जाते आणि निखारे खालच्या खड्ड्यात पडतात. तो खड्डा कट्ट्यांपर्यंत भरला की ज्वालेची वाट अडते. तळाचं हवेचं छिद्र उघडा, लोखंडी सळईने निखारे पसरून हलवा, वीसेक मिनिटं लाकूड कमी टाका. बहुतेक वेळा एवढ्यानेच काटा हलतो.

दुसरं म्हणजे टाकण्याचा ताल. मनगटाएवढं लाकूड बंद करा, अंगठ्याएवढं घ्या. थोडं टाका. धुरांड्यातून काळा धूर येईल, मग राखाडी, मग हवा स्वच्छ होईल. स्वच्छ झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून पुढचा घास. टाकल्यावर तापमान पाच-दहा अंश उतरतं आणि परत चढतं, त्याने घाबरू नका. प्रत्येक फेरीचा वरचा आकडा आधीच्या फेरीपेक्षा जास्त आहे का एवढंच पाहा आणि दर पंधरा मिनिटांनी लिहा. एक गट घाबरून भराभर टाकतो, दुसरा येऊन तेच निस्तरतो, असं पाळी बदलताना फार होतं. म्हणून पाळी बदलताना नव्या माणसाने दोन फेऱ्या नुसत्या बघाव्यात.

तिसरं, धुरांड्याची ओढ. डँपर (धुरांड्याची वाट कमी-जास्त करणारी सरकती फळी) पूर्ण उघडा असला की भट्टी भगभगून चढेल असं वाटतं, पण तेव्हा जास्तीची गार हवाही आत ओढली जाते. एक इंच आत सारा, पंधरा मिनिटं बघा, मग पुढचा इंच. दाराच्या विटांच्या फटी, धुरांड्याच्या बुडाच्या चिरा माती-वाळूच्या लगद्याने लिंपा. तिथून शिरलेली हवा भट्टीला काही देत नाही आणि धुरांडं मात्र गार करते. बांधणीचं माप पुन्हा ताडून घ्या: ज्वालेला जेवढे फूट खाली ओढायचं त्याच्या तिप्पट धुरांड्याची उंची, अधिक आडव्या प्रवासाच्या दर तीन फुटांना एक फूट. लाकडाच्या भट्टीला जाळीचं, म्हणजे लाकूड जळतं त्या तळाचं, क्षेत्रफळ धुरांड्याच्या छेदाच्या सुमारे दहापट लागतं. धुरांडं फार अरुंद निघालं तर ताल कितीही सुधारला तरी अडकणारच.

चौथं, रचना. फायरबॉक्ससमोर आणि बाहेर जाणाऱ्या भोकांसमोर भांडी खेटून ठेवली का? दोन्हीकडे दोन-तीन इंच मोकळे सोडा.

आणि आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) 1200 च्या वर लवकर थकतो आणि चुकीचं सांगू लागतो. कायम वापरायला प्लॅटिनमचा, आर किंवा एस प्रकारचा घ्या. तोवर पुढे-मागे, वर-खाली कोनचे (ठरावीक उष्णतेला झुकणाऱ्या मातीच्या सुळक्यांचे) संच ठेवा. दहा नंबरचा कोन 1285 ते 1300 च्या आसपास झुकतो, पण तो तापमानाबरोबर वेळही मोजतो. सात-आठ तास 1180 ला अडकलेल्या भट्टीत माती आकड्यावरून वाटते त्यापेक्षा बरीच जास्त पिकलेली असते. पुढच्या वेळी कोन न बघता बंद करू नका.

पावसाळ्यानंतरची पहिली भाजणी असेल तर आदल्या रात्री काटक्यांचा बारीक जाळ ठेवा. ओल्या विटा सुकायला वेळ लागतो. एकदम तापवल्या तर त्यांचे पापुद्रे उडतात.

प्रश्न: आमचं घराणं कुंभारांचं, कळव्याला दुकान आहे. आमच्या मातीची भांडी आव्यात छान भाजतात. तीच माती या मोठ्या भट्टीत घातली तर?

भांडं म्हणून घालू नका. आव्यातली भाजणी साधारण 700 ते 900 अंशांची. लाल मातीत लोह आणि इतर वितळवणारे क्षार जास्त असतात, त्यामुळे 1100 च्या पुढे ती फुगते, वाकते आणि 1280 ला अक्षरशः वाहते. भट्टीतली शेल्फ, म्हणजे भांडी ठेवायची फळी, वाया जाईल.

पण हाच गुण कामाला लावा, कारण तुमच्या हातात बाजारात न मिळणारं ग्लेझ आहे. माती वाळवून, पाण्यात भिजवून 80 नंबरच्या चाळणीतून गाळा, सायीइतकी दाट करा आणि स्टोनवेअरच्या (जास्त तापमानाला भाजायच्या मातीच्या) बिस्क भांड्यावर आतून लावा. पहिल्यांदा तीन चाचण्या करा: नुसती माती, 80 भाग माती 20 भाग चाळलेली राख, आणि 70 ला 30. वजनं कोरडी घ्या. काळसर तपकिरीपासून गंजाच्या रंगापर्यंत छटा मिळतील. प्रत्येक चाचणी मातीच्या छोट्या ताटलीत ठेवा, म्हणजे ओघळ शेल्फवर उतरणार नाही. उल्हास खोऱ्यातली, शेतातली, तळ्यातली माती वेगवेगळी वागेल, म्हणून कुठून, किती खोलीवरून आणली ते डब्यावर लिहा. चाक आणि माती तुमच्या घरात आहेच. या क्षेत्रात नव्याने येणारे लोक जे शिकायला वर्षं घालवतात, त्यात तुम्ही पुढे आहात.

प्रश्न: भांडी शेल्फला चिकटून तळ तुटतात. वॅड (भांड्याखाली टेकू म्हणून लावायच्या गोळ्या) कशाचे करावेत? शिंपल्यांवर भांडी ठेवतात म्हणे, ते खरं का? (खारघर)

अॅल्युमिना हायड्रेट (न वितळणारी पांढरी पूड) आणि केओलिन (पांढरी चिनी माती) वजनाने निम्मे निम्मे, पाण्यात मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या. भांड्याखाली तीनच लावा, तीन टेकूंवर भांडं डुलत नाही. साध्या मातीच्या गोळ्या वापरल्यात म्हणून चिकटलं: त्यातली सिलिका राखेतल्या क्षारांबरोबर वितळून काच होते. झाकणाखालीही हेच वॅड. शेल्फ सिलिकॉन कार्बाइडचे घ्या आणि वर अॅल्युमिनाचा लेप द्या.

शिंपल्यांचं खरं आहे, आणि आपल्याकडे तिसऱ्या आणि खुब्यांची कमतरता नाही. धुऊन वाळवा, पोकळीत वॅडची माती दाबून भरा, कुबडाची बाजू भांड्याकडे ठेवा. आडव्या ठेवलेल्या बाटलीच्या पोटावर शिंपल्याच्या रेषा उमटतात. भाजल्यावर शिंपल्याचा कळीचा चुना झालेला असतो. पाण्यात बुडवला की तो गरम होऊन फुलतो आणि सुटतो. तेव्हा हातमोजे आणि चष्मा घाला. राख साफ करतानाही तेच, वर मास्क.

प्रश्न: राखेचं ग्लेझ झालेल्या भांड्यात जेवावं का? (कोपरी)

राख नीट वितळून गुळगुळीत काच झाली असेल तर जेवावं. खरखरीत, पिठूळ, न वितळलेली राख आतल्या बाजूला असेल ते भांडं फुलांसाठी ठेवा. म्हणूनच वाडगा-मगाच्या आत नेहमी खात्रीचं ग्लेझ लावतात आणि बाहेरचा भाग ज्वालेवर सोडतात. माती पिकली का ते असं बघा: कोरडं भांडं वजन करा, पाच तास उकळा, चोवीस तास त्याच पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन गुणिले 100. जेवणाच्या भांड्याला 2 टक्क्यांच्या आत हवं. जास्त असेल तर तळातून ओल झिरपेल आणि डाळीचा वास राहील. लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवून रंग बदलतो का तेही पाहा.

प्रश्न: आनागामा आणि नोबोरिगामा या जपानी भट्ट्यांत फरक काय?

आनागामा म्हणजे उतारावरची एकाच लांब दालनाची भट्टी. पुढे राखेचा मारा, मागे शांत ज्वाला, भाजणी कित्येक दिवसांची. नोबोरिगामात उतारावर एकापुढे एक दालनं असतात, खालच्या दालनाची उष्णता वरच्याला मिळते आणि प्रत्येकात बाजूने वेगळं लाकूड टाकता येतं. 1920 मध्ये इंग्रज पॉटर बर्नार्ड लीच आणि जपानी पॉटर शोजी हमादा यांनी इंग्लंडमध्ये सेंट आइव्हजला बांधली ती या दुसऱ्या जातीची. नवख्याने दोन्ही बांधू नयेत. बोरी फायरबॉक्सची लहान भट्टी पुरे.

प्रश्न: यावर घर चालतं का? किंमत कशी लावावी? (वाशी)

फक्त भांडी विकून पहिली काही वर्षं चालत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. आठवड्यातले दोन दिवस क्लास, कॅफे किंवा हॉटेलांची ठरावीक मापाची ऑर्डर आणि वर्षातून दोन-तीन भट्ट्या, अशी सांगड बहुतेकांना घालावी लागते. कॅफेच्या ऑर्डरची ताटं लाकडाच्या भट्टीत टाकू नका. चाळीस ताटं एकसारखी हवी असतात, आणि ही भट्टी तसं देत नाही. ती गॅसवर किंवा विजेवर करा.

किमतीत सगळे एकच चूक करतात: भट्टीचा खर्च रचलेल्या नगांवर वाटतात. समजा लाकूड, टेम्पो, मदतनिसांचं जेवण, बिस्कची वीज, शेल्फची झीज मिळून 36,000 रुपये झाले आणि 120 भांडी रचली. नगाला 300 वाटतात. पण उघडल्यावर पहिल्या प्रतीची 80 निघाली तर नगाला 450 पडले, आणि यात माती, ग्लेझ, घडाईचे तास अजून धरलेले नाहीत. पहिल्या प्रतीच्या नगांवरच हिशेब करा. दुसऱ्या प्रतीची भांडी स्टुडिओतल्या विक्रीत कमी किमतीला, दोष दाखवून द्या. तडा गेलेलं कधीच विकू नका. मदतनिसांचा मोबदला भट्टी पेटवण्याआधी ठरवा, पैसे किंवा भट्टीतली जागा. जागा देणार असाल तर शेल्फवर ती आधीच आखून ठेवा.